हर्बल सनस्क्रीनवरचा आकडा कोणी तपासला?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य जळगाव-भुसावळच्या बरोबर डोक्यावर येतो आणि भर दुपारी काही क्षण उभ्या खांबाची सावली नाहीशी होते, ही बातमी आता दरवर्षी वृत्तपत्रांत येते. साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असलेल्या खानदेशात हे वर्षातून दोनदा घडते. दुसरी वेळ जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येते, पण तेव्हा आभाळ भरलेले असल्याने कोणी खांबाकडे पाहत नाही. उष्म्याच्या बाबतीत आपला भाग सावध आहे. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की दुपारी बाजारपेठा ओस पडतात, डोक्याला रुमाल आणि उपरणी बसतात, खिशात कांदा ठेवण्याचा सल्लाही निघतो. परंतु त्वचेची हानी करणारे अतिनील किरण उष्म्यासारखे जाणवत नाहीत. ते पातळ ढगांतून बऱ्याच प्रमाणात पार होतात आणि जानेवारीत कापूस वेचताना ऊन हवेहवेसे वाटत असले तरी ते पडतच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अतिनील निर्देशांकानुसार ३ पासून पुढे संरक्षण घ्यावे आणि ११ व त्यापुढची पातळी अतितीव्र मानावी. आपल्याकडे उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी ही वरची पातळी सहज गाठली जाते.

त्यामुळे सनस्क्रीन ही शहरी चैनीची वस्तू आहे, हा समज मागे पडतो आहे, आणि ते चांगलेच आहे. मात्र त्याच्या जोडीने दुसरी एक लाट आली आहे. बचत गटांच्या प्रदर्शनांत, आयुर्वेदिक औषधांच्या दुकानांत आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत कोरफड, हळद, चंदन, गाजराच्या बिया किंवा मंडूकपर्णी यांची नावे मिरवणाऱ्या डब्या आणि ट्यूब दिसतात आणि त्यांतल्या पुष्कळांवर एसपीएफ (सन प्रोटेक्शन फॅक्टर, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचे माप) ३० किंवा ५० असा ठळक आकडा असतो. वनस्पतींमुळे सनस्क्रीनचे संरक्षण वाढते का, या प्रश्नाचे माझे उत्तर होकारार्थी आहे. निवडक घटकांनी, पुरेशा प्रमाणात आणि मूळ फिल्टरच्या, म्हणजे किरण अडवणाऱ्या मुख्य घटकाच्या, जोडीला घातल्यास ते वाढते. परंतु ज्या डबीवर आकडा छापला आहे ती तयार डबीच तपासली गेली पाहिजे, आणि वनस्पतीला या तपासणीतून सवलत मिळता कामा नये. आज ती सवलत सर्रास मिळते, आणि तिची किंमत उन्हात राबणाऱ्याची त्वचा मोजते.

आधी आकड्याचा अर्थ पाहू. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या अतिनील किरणांचे दोन भाग असतात. सुमारे २९० ते ३२० नॅनोमीटर तरंगलांबीचे यूव्हीबी किरण त्वचा लाल करतात आणि भाजतात. ३२० ते ४०० नॅनोमीटरचे यूव्हीए किरण त्वचेत अधिक खोल जातात, साध्या काचेतूनही बऱ्यापैकी आत येतात, आणि सुरकुत्या व काळे डाग यांत त्यांचा मोठा वाटा असतो. एसपीएफ हा आकडा मुख्यतः पहिल्या भागाविषयी बोलतो. एसपीएफ १५ असलेले सनस्क्रीन त्वचा लाल करणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९३ टक्के अडवते, ३० असलेले सुमारे ९७ आणि ५० असलेले ९८ टक्के. हे मोजमाप दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर गृहीत धरून केलेले असते आणि प्रत्यक्षात माणसे त्याच्या पाव ते निम्मेच लावतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ही चाचणी किमान दहा स्वयंसेवकांच्या पाठीवर होते: मोजून थर लावायचा, कृत्रिम दिव्याचे किरण सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी लाली कुठे उमटली ते पाहायचे. चाचणी वेळखाऊ आणि खर्चिक आहे, आणि छोट्या उत्पादकाची अडचण इथूनच सुरू होते.

आता वनस्पतींकडे वळू, कारण या विषयातला खरा कस त्यांच्यातच आहे. झाडाला उन्हातून उठून सावलीत जाता येत नाही. दिवसभर अंगावर पडणाऱ्या अतिनील किरणांपासून स्वतःच्या पेशी वाचवण्यासाठी पाने, साली आणि बिया यांत फ्लॅव्होनॉइड आणि सिनॅमिक आम्लाच्या कुळातली संयुगे साठवलेली असतात आणि ती हे किरण शोषतात. माणसाने याच कुळातून उसनवारी केली. सनस्क्रीनमध्ये अनेक दशके वापरला जाणारा ऑक्टिनॉक्सेट हा फिल्टर मेथॉक्सिसिनॅमेट गटातला आहे. आणि दिवाळीच्या उटण्यात आपण जी कपूरकाचरी घालतो, तिच्या सुगंधी तेलातला एक प्रमुख घटक याच गटातला, इथाइल पॅरा-मेथॉक्सिसिनॅमेट, आहे. म्हणजे कारखान्यातल्या ‘केमिकल’चा सख्खा नातेवाईक आपल्या उटण्याच्या पुडीत पूर्वीपासून बसलेला आहे. एखादे संयुग झाडातून आले की भट्टीतून आले, यावरून ते किती किरण शोषेल, किती काळ टिकेल आणि कोणाला त्याची ॲलर्जी होईल, यांपैकी काहीही ठरत नाही. (उटणे अंघोळीच्या वेळी धुऊन जाते, त्यामुळे दिवाळीच्या उटण्याला सनस्क्रीन समजण्याची घाई मात्र कोणी करू नये.)

वनस्पतिजन्य घटक सनस्क्रीनला मदत करू शकतात त्या वाटा वेगवेगळ्या आहेत, आणि जाहिरातीत त्यांची सरमिसळ होते. पहिली वाट सरळ आहे: घटकाने स्वतः किरण शोषायचे. कांद्याच्या वरच्या पापुद्र्यात भरपूर असणारे क्वेर्सेटिन आणि त्याच्या जातकुळीतले रुटिन यांवर फ्रान्समधल्या संशोधकांनी २००८ साली काम प्रसिद्ध केले. १० टक्के प्रमाणात क्रीममध्ये मिसळल्यावर या दोन्हींनी होमोसॅलेट या प्रचलित फिल्टरच्या तोडीचे संरक्षण दिले आणि टायटॅनियम डायऑक्साइड या खनिज फिल्टरच्या जोडीने एसपीएफ ३० च्या आसपास गेला. यातला १० टक्के हा तपशील महत्त्वाचा आहे. तो शुद्ध केलेल्या संयुगाचा आकडा आहे. बाजारातल्या क्रीममध्ये अर्काच्या रूपाने जे चिमूटभर पडते त्यात मूळ संयुग त्याच्याही काही अंशानेच असते. क्वेर्सेटिन पिवळे असते, म्हणून एवढ्या प्रमाणात घातलेले क्रीम चेहऱ्यावर दिसल्याशिवाय राहत नाही, हेही उत्पादक जाणून असतो.

दुसरी वाट जोडीदाराला सावरण्याची आहे. यूव्हीए अडवणारा ॲव्होबेन्झोन हा फिल्टर उन्हातच विघटित होऊ लागतो, आणि काही ऑक्सिडीकरणरोधक घटक त्याला अधिक काळ टिकवून धरतात. तिसरी वाट फिल्टरमधून निसटलेल्या किरणांचा परिणाम सौम्य करण्याची आहे. कोणतेही सनस्क्रीन सर्व किरण अडवत नाही. जे आत जातात ते त्वचेत मुक्त मूलके, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर कण, निर्माण करतात आणि ही मूलके शमवणारे पदार्थ वनस्पतींत विपुल असतात. या बाबतीत अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील संशोधकांचे २००५ सालचे काम प्रसिद्ध आहे. १५ टक्के क जीवनसत्त्व आणि १ टक्का ई जीवनसत्त्व यांच्या द्रावणात त्यांनी अवघे अर्धा टक्का फेरुलिक आम्ल घातले, तेव्हा डुकराच्या त्वचेवर त्या द्रावणाचे प्रकाशापासूनचे संरक्षण चौपटीवरून आठपटीवर गेले. फेरुलिक आम्ल धान्याच्या कोंड्यात असते, मक्याच्या कोंड्यात तर भरपूर. धुळे जिल्ह्यात मक्यापासून स्टार्च काढणारे कारखाने आहेत आणि त्यांच्या शेवटाला कोंडा उरतो. तो मुद्दा पुढे घेतो.

इथपर्यंत वनस्पतींची बाजू भक्कम आहे. ती ढासळते ती आकडा काढण्याच्या पद्धतीत. आपल्या देशातल्या औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतून हर्बल सनस्क्रीनवर दरवर्षी असंख्य प्रकल्प होतात आणि त्यांतल्या बहुसंख्य प्रकल्पांत १९८६ साली मन्सूर या ब्राझीलच्या संशोधकाच्या नावे आलेले सूत्र वापरले जाते. अर्क किंवा क्रीम अल्कोहोलमध्ये विरघळवून पातळ करायचे, स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये (द्रावण किती किरण शोषते ते मोजणाऱ्या यंत्रात) २९० ते ३२० नॅनोमीटरपर्यंत दर ५ नॅनोमीटरला शोषण मोजायचे, ठरलेल्या गुणांकांनी गुणून बेरीज करायची आणि शेवटी १० ने गुणायचे. अर्ध्या तासाचे काम आहे, स्वस्त आहे आणि दोन अर्कांची आपसांत प्राथमिक तुलना करण्यासाठी उपयुक्तही आहे. परंतु द्रावण किती पातळ केले यावर निकाल अवलंबून राहतो, यूव्हीएचा त्यात विचारच नाही, आणि त्वचेच्या खाचखळग्यांवर ते क्रीम सलग थर धरते का, घामाने निघते का, उन्हात विघटित होते का, यांविषयी तो आकडा मुका आहे. २०१० साली रायपूरच्या संशोधकांनी याच पद्धतीने तेले तपासली तेव्हा खोबरेल आणि ऑलिव्ह यांच्या तेलांना ७ च्या आसपास आकडा मिळाला. तो प्रयोगशाळेतल्या नळीतला आकडा होता. समाजमाध्यमांवर पोहोचेपर्यंत ‘खोबरेल हेच नैसर्गिक सनस्क्रीन’ असे त्याचे रूपांतर झाले. गाजराच्या बियांच्या तेलाला ४० एसपीएफ असतो वगैरे विधानेही अशीच आधाराविना फिरत राहतात.

नळीतल्या मोजमापाला माझा सरसकट विरोध नाही. माणसांच्या पाठी लाल न करता एसपीएफ मोजण्यासाठी २०२४ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने नव्या पद्धती प्रमाणित केल्या आहेत. पण त्यांतल्या प्रयोगशाळेतल्या पद्धतीतही तयार क्रीमचा पातळ थर खरखरीत प्लास्टिकच्या पट्टीवर यंत्राने पसरवून, त्यावर किरण सोडून मग मोजणी होते. पातळ केलेल्या अर्काचा आकडा डबीवर चढवणे आणि हे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. महाविद्यालयीन प्रकल्पात मन्सूरचे सूत्र जरूर राहावे. मात्र ‘आमच्या क्रीमचा एसपीएफ इतका’ असा निष्कर्ष लिहिण्याची परवानगी मार्गदर्शक प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना देऊ नये.

याहून अधिक चिंतेची गोष्ट दाहशामक अर्कांची आहे. त्वचेवरच्या चाचणीत लाली हीच खूण मानली जाते. एखाद्या घटकाने किरण न अडवता नुसती लाली दाबली, तर मोजलेला आकडा वाढेल, पण त्वचेच्या पेशींतल्या डीएनएवर होणारा आघात तेवढाच राहील. कोरफड, ज्येष्ठमध, मंडूकपर्णी हे सगळे दाह शमवणारे घटक आहेत, आणि भाजलेल्या कातडीला आराम देण्याचा त्यांचा गुण मोलाचा आहे; पण संकटाची सूचना देणारी लालीच गेली, तर माणूस निर्धास्तपणे उन्हात आणखी दोन तास काढतो. २०२० च्या डिसेंबरात दक्षिण कोरियातल्या, मंडूकपर्णीच्या अर्कासाठी जगभर लोकप्रिय झालेल्या एका सनस्क्रीनची युरोपातल्या स्वतंत्र प्रयोगशाळांत तपासणी झाली, तेव्हा ५० पेक्षा जास्त असा दावा असताना प्रत्यक्ष आकडा १९ च्या आसपास निघाला आणि उत्पादन बाजारातून काढून घ्यावे लागले. त्यातला अर्क खोटा नव्हता; किरण अडवणाऱ्या फिल्टरचे प्रमाण तुटपुंजे होते.

घरगुती लेपांविषयीही काही स्पष्ट बोलले पाहिजे. कोरफडीच्या गरात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी असते, किरण शोषण्याची ताकद नगण्य. हळदीतले कर्क्युमिन सर्वाधिक शोषण करते ते ४२५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्यात, आणि उन्हात ते स्वतःच विघटित होते. हे निदान निरुपद्रवी आहेत. लिंबाचे तसे नाही. लिंबाच्या सालीत फ्युरोकुमॅरिन गटातली संयुगे असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले तर कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि नंतर महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. चेहरा उजळावा म्हणून लिंबू चोळून शेतात किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलींना हे कोणी सांगत नाही. बावचीच्या बियांतल्या सोरॅलेनचा हाच गुण कोडावरच्या उपचारात हेतुपुरस्सर वापरला जातो: औषध लावायचे आणि मोजून ऊन द्यायचे. एकाच उन्हासमोर एक झाड ढाल होते आणि दुसरे इंधन होते, म्हणून ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ या युक्तिवादात दम नाही.

या भूमिकेवर एक आक्षेप येतो आणि तो रास्त ठिकाणाहून येतो. आपल्या आज्या-पणज्या हळद, बेसन आणि चंदन लावून आयुष्यभर उन्हात राबल्या, त्यांना कुठे एसपीएफ लागला, असे विचारले जाते. त्यांच्या संरक्षणाचा मोठा भाग वेगळ्याच गोष्टींतून आला. आपल्या सावळ्या त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य काही प्रमाणात किरण अडवते, त्यामुळे गोऱ्या कातडीच्या देशांच्या तुलनेत त्वचेचा कर्करोग आपल्याकडे बराच कमी आढळतो. डोक्यावरून पदर, अंगभर लुगडे, शेतकऱ्याचे मुंडासे हे कापडाचे कवच होते, आणि दुपारच्या वेळी झाडाखाली बसण्याचा शिरस्ता होता. त्या पिढीच्या गालांवरचे वांग आणि मानेवरच्या खोल सुरकुत्या मात्र आपण ‘वयाचे’ म्हणून सोडून देतो. ब्रह्मदेशातल्या बायका थानाका नावाच्या झाडाच्या सालीचा लेप गालांवर लावतात आणि त्या सालीत मार्मेसिन हे अतिनील किरण शोषणारे संयुग आहे, हे खरे. परंपरेत काहीच नसते, असे माझे म्हणणे नाही. परंपरेतून आलेला घटकही मोजूनच घ्यावा, एवढेच म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप रासायनिक फिल्टरच्या भीतीचा आहे. त्यात तथ्याचा अंश आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली मांडलेल्या प्रस्तावात झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे दोनच फिल्टर सुरक्षित व प्रभावी या वर्गात ठेवले आणि बारा फिल्टरबाबत अधिक माहिती मागवली. काही रासायनिक फिल्टर त्वचेतून रक्तात पोहोचतात, हेही त्याच सुमारास दाखवले गेले. अमेरिकेतल्या हवाई बेटांच्या राज्याने २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर प्रवाळांच्या रक्षणासाठी बंदी घातली. पण ज्याला या फिल्टरची धास्ती वाटते, त्याच्यासाठी उत्तर त्याच प्रस्तावात आहे: झिंक ऑक्साइड. ते दोन्ही प्रकारचे किरण अडवते, त्वचेवर बसून राहते आणि लहान मुलांनाही चालते. आयुर्वेदात यशद भस्म म्हणून जे ओळखले जाते, तेही मुख्यतः झिंक ऑक्साइडच. वांग असलेल्यांना दिसणाऱ्या प्रकाशापासूनही जपावे लागते आणि त्यासाठी सनस्क्रीनमध्ये लोहाची ऑक्साइडे घालतात. अंगणातल्या गेरूला लाल रंग देणारे द्रव्यही तेच, अर्थात बाजारातला अशुद्ध गेरू तोंडाला फासण्याचा हा सल्ला नव्हे. झिंकचा कणा आणि त्याला निवडक वनस्पतींची जोड, हा मला सर्वांत समंजस मार्ग वाटतो.

कायद्याची स्थिती ढिली आहे. अमेरिकेत सनस्क्रीन हे औषध मानले जाते, ऑस्ट्रेलियात ते उपचारात्मक वस्तूंच्या कडक नियमांखाली येते. आपल्याकडे १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम यांखाली ते सौंदर्यप्रसाधन आहे, आणि हर्बल उत्पादनांना आयुर्वेदिक परवान्याची वेगळी वाटही उपलब्ध असते. कडक नियम असूनही ऑस्ट्रेलियात २०२५ साली ग्राहक संघटनेने २० सनस्क्रीन तपासली, तर १६ दाव्यापेक्षा कमी भरली आणि एकाचा आकडा ५० ऐवजी अवघा ४ निघाला. आपल्याकडे त्याच वर्षी दोन मोठ्या कंपन्यांचा एसपीएफच्या दाव्यांवरून झालेला वाद न्यायालयात गेला. मोठ्या ब्रँडची ही गत असेल, तर तालुक्याच्या गावी तयार झालेल्या क्रीमच्या आकड्याची कोण हमी घेणार? बचत गटातल्या बायकांवर याचे खापर फोडणे अन्यायाचे होईल. त्यांना प्रशिक्षण देणाऱ्यांनी कृती शिकवली, पॅकिंग शिकवले, लेबल छापून दिले; चाचणीचा उल्लेख केला नाही. माझी सूचना साधी आहे: ज्याच्याकडे तयार उत्पादनाचा मानक पद्धतीने झालेला अहवाल नाही, त्याने एसपीएफ हा शब्द लेबलवर छापू नये, मॉइश्चरायझर म्हणून विकावे, त्यात कमीपणा नाही. आणि छापायचाच असेल, तर अहवालाचा क्रमांक, प्रयोगशाळेचे नाव आणि तारीख त्याच लेबलवर असावी.

मग ज्यांना सर्वाधिक ऊन लागते, त्यांचे काय? नंदुरबारच्या पथारींवर मिरची वाळवणाऱ्या, रावेर-यावलच्या बागांत केळीचे घड वाहणाऱ्या, वीटभट्टीवर आणि ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांना चेहरा आणि मान मिळून एका वेळी सुमारे दीड ग्रॅम सनस्क्रीन लागेल. दिवसातून दोनदा लावले, तर ५० ग्रॅमची ट्यूब पंधरा-सतरा दिवसांत संपते आणि बाजारात तिची किंमत एका दिवसाच्या मजुरीइतकी किंवा त्याहून अधिक असते. त्यामुळे या वर्गासाठी पहिला उपाय कापड हाच राहणार. त्यातही साध्या पातळ पांढऱ्या सुती कापडाचे संरक्षण फार तर ५ ते ७ पटींचे असते. दाट विणीचे आणि गडद रंगाचे कापड कितीतरी अधिक अडवते. आणि इथे वनस्पतींचा उपयोग वादातीत आहे, कारण कापडावर मोजणी सोपी असते आणि त्यावर ॲलर्जी, शोषण, घाम यांचे प्रश्न फारसे येत नाहीत. मंजिष्ठाच्या कुळातील मुळे आणि नीळ यांनी रंगवलेल्या सुती कापडाचे अतिनील संरक्षण वाढते, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. कापूस पिकवणाऱ्या खानदेशात दाट विणीचा, नैसर्गिक रंगातला, मान झाकणारा रुमाल तयार करून रोजगार हमीच्या कामांवर वाटणे हे कोणत्याही हर्बल क्रीमच्या योजनेपेक्षा स्वस्त पडेल. महागड्या डब्यांच्या चर्चेत हा रुमाल कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही, कारण त्यात नफा थोडा आहे.

खानदेशाची दुसरी बाजू उत्पादकाची आहे, आणि तिथे मला खरी आशा वाटते. चीनमधल्या ग्वांगझू येथील संशोधकांनी २०१५ साली दाखवले की, लाकडातले लिग्निन साध्या सनस्क्रीनमध्ये मिसळले, तर त्याची किरण अडवण्याची क्षमता लक्षणीय वाढते, आणि ती यूव्हीएच्या पट्ट्यातही वाढते. लिग्निन हे झाडाच्या पेशींना ताठपणा देणारे द्रव्य आहे आणि कागदगिरण्यांत ते टाकाऊ म्हणून निघते. कपाशीच्या पऱ्हाटीत, म्हणजे वेचणीनंतर शेतात उरणाऱ्या झाडांच्या काड्यांत, वजनाने साधारण पाव हिस्सा लिग्निन असते. वेचणी संपली की गुलाबी बोंडअळीच्या भीतीने पऱ्हाटी उपटून काढावी लागते, आणि तिचा मोठा भाग चुलीत किंवा बांधावर जळतो. केळीच्या खोडात लिग्निन त्या मानाने कमी असते, त्यामुळे केळीच्या नावाने या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नयेत. त्याचा धागाच चांगला. लिग्निनची अडचण त्याच्या तपकिरी रंगाची आणि ते वेगळे करण्यासाठी लागणाऱ्या अल्कलीच्या प्रक्रियेची आहे. पहिली अडचण आपल्या वर्णाला उलट सोयीची पडते, कारण गव्हाळ त्वचेवर झिंकची पांढरी छटा खटकते आणि तपकिरी रंग ती झाकतो. दुसरी अडचण कारखान्यानेच सोडवण्यासारखी आहे, बचत गटाच्या पातेल्यात नव्हे.

करंजाचे तेलही याच रांगेत येते. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या या झाडाच्या बियांत करंजीन आणि पोंगामॉल ही संयुगे असतात आणि ती यूव्हीएच्या पट्ट्यात शोषण करतात. कच्चे तेल उग्र वासाचे आणि काहींच्या कातडीला न सोसणारे असल्यामुळे शुद्धीकरण अपरिहार्य आहे, आणि एका झाडाच्या बियांतला घटक दुसऱ्या झाडाच्या बियांइतकाच भरेल, याचीही खात्री नसते. माती, पाऊस आणि तोडणीचा काळ यांनुसार प्रमाण बदलते. म्हणून प्रत्येक खेपेत ठरलेल्या घटकाचे प्रमाण मोजून अर्क विकणे, हा या व्यवसायाचा पाया असला पाहिजे. तसा मोजलेला अर्क सौंदर्यप्रसाधन कंपन्या चांगल्या भावाने घेतात. न मोजलेला अर्क जत्रेत खपतो.

यासाठी फार मोठी यंत्रणा उभारावी लागेल असे नाही. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, खानदेशाच्या तिन्ही जिल्ह्यांत औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत, आणि पऱ्हाटीच्या उपयोगांवर मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचा दीर्घ अनुभव आहे. विद्यापीठाने पट्टीवर थर पसरवून मोजणी करणारी प्रमाणित सोय एका ठिकाणी उभारली आणि छोट्या उत्पादकांना ती सवलतीच्या शुल्कात खुली केली, तर निम्मा गोंधळ आपोआप संपेल. कामाची सुरुवात मी पऱ्हाटीपासूनही करणार नाही, कारण ती गोळा करण्याचाच खर्च मोठा आहे. मक्याचा कोंडा धुळे जिल्ह्यातल्या स्टार्च कारखान्यांत एका जागी, वर्षभर आणि धुतलेल्या स्वरूपात मिळतो. त्यातून फेरुलिक आम्ल वेगळे करण्याची रीत ज्ञात आहे. आणि झिंक ऑक्साइडच्या साध्या क्रीममध्ये ते अर्धा, एक आणि दोन टक्के घालून आकडा, टिकाऊपणा आणि यूव्हीए संरक्षण यांत किती फरक पडतो, हे पदव्युत्तर वर्गाच्या एका वर्षात मोजून होईल. तो निकाल उणा आला, तरी तो तसाच प्रसिद्ध व्हावा.